‘पीओ आला का?’

(दहावी १९९४ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, “तुझ्या धंद्याविषयी पंधरा मिनिटं बोल. तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी.” आता समोर पाहतो तर सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. निम्म्यांचे चष्मे कपाळावर आणि उरलेल्यांचे घरी विसरलेले. तेव्हा प्रेरणा राहू द्या. मी एका कागदाविषयी बोलणार आहे. त्याला इंग्रजीत परचेस ऑर्डर म्हणतात, सरकारी मराठीत खरेदी आदेश म्हणतात आणि रांजणगावपासून कुरकुंभपर्यंत सगळे नुसतं ‘पीओ’ म्हणतात. आमच्या धंद्यात सकाळी गाडी भरायच्या आधी पहिला प्रश्न असतो, “पीओ आला का?” हा प्रश्न विचारायला मी फार महागात शिकलो. तीच गोष्ट सांगतो.

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ब्रॅकेट, स्टँड, ट्रॉल्या, मशीनवरची कव्हरं असली कामं आम्ही करतो. सुरुवातीला दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि चार माणसं होती. काही माल रांजणगावच्या वसाहतीत जातो, काही न्हावरा–चौफुला रस्त्यानं पुढं पाटस, कुरकुंभकडे जातो.

२०११ साल, नवरात्राच्या आधीचे दिवस. शनिवारी संध्याकाळी एका कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. फोन करणारा आपल्याच वर्गातला. आज तो इथं तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि ही गोष्ट सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. “नाव तेवढं घेऊ नकोस,” म्हणाला. घेत नाही.

तो म्हणाला, “अरे, अडचणीत आहे. बुधवारपर्यंत ४०० ब्रॅकेट पाहिजेत, नाहीतर लाइन बंद पडेल. ड्रॉइंग पाठवतो. पीओ सोमवारी काढतो, तू सुरू कर.”

मी म्हणालो, “पीओचं काय घेऊन बसलास? तुझा शब्द आहे ना!”

हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं. धंद्यात मोठं झाल्यासारखं वाटलं. उधारीवर पत्रा आणला, जवळजवळ ८० हजारांचा. माणसांना रविवारी बोलावलं, दोन रात्री काम चाललं. बुधवारी दुपारी ४०० ब्रॅकेट कंपनीच्या गेटवर उभे. ६४० रुपये नग, म्हणजे कर सोडून २ लाख ५६ हजारांचा माल.

गेटवर रखवालदारानं विचारलं, “पीओ नंबर?” नंबर नव्हता. मित्रानं आतून फोन केला आणि माल ‘नमुना’ म्हणून रजिस्टरला लिहून आत घेतला. मी खूश. ४०० नगांचा नमुना असतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं डिझाइन बदललं. १२ मिलिमीटरच्या भोकाऐवजी १४ आलं आणि दोन भोकांमधलं अंतरही बदललं. लाइनला नवे ब्रॅकेट दुसरीकडून आले. सोमवारी निघणारा पीओ सोमवारी निघाला नाही, दसऱ्याला नाही, दिवाळीलाही नाही. डिसेंबरात मित्राची नोकरी सुटली आणि तो बाहेरगावी गेला. त्याच्या जागी आलेल्या साहेबांनी माझं बिल हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “पीओ नंबर?”

जानेवारीत माल परत आला. गाडीभाडंही मीच दिलं. भंगारात ३६ हजार मिळाले.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, “तोंडी करार कायद्यानं चालतो. १८७२ चा भारतीय करार कायदा प्रत्येक करार लेखीच हवा असं म्हणत नाही. पण ऑर्डर कोणी दिली, किती नगांची दिली, कोणत्या दरानं आणि कोणत्या ड्रॉइंगवर दिली, हे सिद्ध कोण करणार? तुमच्या मित्राला साक्षीला उभं करावं लागेल.” मी विचार केला. नोकरी गेलेल्या वर्गमित्राला त्याच्याच जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात उभं करायचं? नाही जमलं. कागदपत्रं पिशवीत घातली आणि घरी आलो.

पैसे गेले ते गेले. मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या हिवाळ्यात दोन महिने मी पगार वेळेवर देऊ शकलो नाही. माझा सगळ्यात जुना लेथ ऑपरेटर पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होता. त्याच्या मुलीची फी भरायची होती. तो भांडला नाही. एका शनिवारी म्हणाला, “मालक, दुसरीकडे बोलावणं आलंय.” आणि गेला. पुढं पैसे आल्यावर त्याचा राहिलेला पगार मी घरी नेऊन दिला. पैसे त्यानं घेतले, चहा पाजला, पण परत आला नाही. त्याच्या घामाचे पैसे मी माझ्या ‘शब्दा’वर लावले होते, त्याला न विचारता. ही बोच अजून आहे.

सर, तुम्हाला आठवत असेल, गणिताच्या पेपरात माझं उत्तर बरोबर यायचं आणि गुण निम्मेच मिळायचे. मी तक्रार घेऊन आलो की तुम्ही म्हणायचा, “उत्तर बरोबर आहे रे, पण रीत कुठंय?” मला वाटायचं, हा अन्याय आहे. २०११ साली समजलं की अन्याय नव्हता. ४०० ब्रॅकेट हे माझं उत्तर अगदी बरोबर होतं. रीत लिहिलेली नव्हती.

आता तो कागद नेमकं काय करतो ते सांगतो. आपल्यात गुऱ्हाळवाले आहेत, नर्सरीवाले आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, गणवेश शिवून देणारी मैत्रीण आहे. सगळ्यांना लागू पडेल.

पीओ हातात आला की मी सात गोष्टी पाहतो. पहिली, काय आणि किती. नुसतं ‘ब्रॅकेट ४०० नग’ चालत नाही. ड्रॉइंग नंबर हवा आणि त्याची कितवी सुधारणा तेही हवं. १२ चं भोक १४ झालं तर दोष कोणाचा, हे त्या एका अक्षरावरून ठरतं. दुसरी, दर. कर धरून की वेगळा, किती दिवस लागू, आणि कच्च्या मालाचा भाव हलला तर काय. दौंडकडच्या गुऱ्हाळवाल्या मित्रांना हे समजावून सांगायला नको. फोनवर गुळाचा भाव ठरतो, माल पोचेपर्यंत बाजार उतरतो आणि व्यापारी म्हणतो, “आजच्या भावानं लावा.” बाजार चढला तर मात्र तो हे म्हणत नाही. तिसरी, माल कुठं पोचवायचा आणि गाडीभाडं कोणाचं. चौथी, तारीख, आणि उशीर झाला तर दंड आहे का. पाचवी, तपासणी कोण करणार, कुठं करणार, नापास माल किती दिवसांत कळवणार. सहावी, पैसे किती दिवसांनी, आणि ते दिवस कुठून मोजायचे, बिलाच्या तारखेपासून की माल स्टोअरला जमा झाल्यापासून. सातवी, सही. ऑर्डर देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचीच सही आहे का?

हे सगळं आपण दिलेल्या कोटेशनशी ताडून पाहायचं. फरक असेल तर काम सुरू करायचं नाही, आधी लेखी दुरुस्ती मागायची. कारण पीओ हा समोरच्याचा प्रस्ताव असतो. आपण ‘मान्य’ म्हटलं की करार होतो, आणि काहीच न बोलता काम सुरू केलं तरी मान्यता दिल्यासारखंच होतं. पुष्कळ जण पीओ फाइलला लावतात आणि पैसे अडकल्यावर पहिल्यांदा वाचतात.

मजुरीच्या कामात, म्हणजे माल त्यांचा आणि मेहनत आपली अशा कामात, तर आणखी जपायला लागतं. चलनावर आलेला माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका वर्षाच्या आत परत गेला पाहिजे. त्यांचा पत्रा आपल्या शेडच्या कोपऱ्यात राहिला आणि कोणाच्याच लक्षात नाही, असं झालं तर ताप दोघांना होतो. मजुरीचा पीओ, आवक चलन आणि परतीचं चलन हे तिन्ही एका दोऱ्यात हवेत.

ही झाली विकणाऱ्याची बाजू. पण आपण विकतो तसे घेतोही. एवढा शहाणा झाल्यावरसुद्धा माझ्या स्वतःच्या खरेदीत दोन वर्षं काहीच बदललं नव्हतं. माझा मुलगा म्हणावा असा सुपरवायझर फोनवर सांगायचा, “दोन टन पत्रा पाठवा, नेहमीचा.” तिकडं नेहमीचा म्हणजे ४ मिलिमीटर, इकडं हवा होता ३. गाडी उतरल्यावर कळायचं. २०१३ साली मी शिरूरच्या प्रेसमधून कार्बन प्रतीचं एक साधं पुस्तक छापून घेतलं. काय, किती, दर, कधी, सही, एवढंच. बिल आलं की आमच्या हिशेबनीसानं तीन कागद शेजारी ठेवायचे: आपली ऑर्डर, आवक नोंद आणि त्यांचं बिल. तिन्ही जुळले तरच चेक. पहिल्याच वर्षी एका पुरवठादाराचं एकच बिल दोनदा आलेलं सापडलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याच्याकडे दोन कारकून होते आणि दोघांनीही प्रामाणिकपणे बिल पाठवलं होतं. आधीच्या वर्षांत अशी किती बिलं मी दोनदा भरली असतील, देव जाणे.

आणखी एक फायदा झाला, तो मनात धरला नव्हता. महिनाअखेर त्या पुस्तकाची पानं उलटली की पुढं किती देणं येणार आहे ते दिसायला लागलं. बिल नंतर येतं, ऑर्डर आधी दिलेली असते. खिशातून जाणारा पैसा जायच्या आधी दिसतो, हे छोट्या धंदेवाल्याला मोठं सुख आहे.

आता कायद्याचं थोडं. कंटाळू नका, यात पैसे आहेत.

ऊस घालणाऱ्यांना एक नियम तोंडपाठ असतो: ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. पण त्यासाठी उसाची नोंद हवी आणि काट्याची पावती हवी. वजनाची पावती न घेता ऊस घालणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. मग वर्कशॉपमधून माल पाठवताना आपण एवढे उदार का होतो?

आपल्यासारख्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. खरेदीदारानं लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढं असू शकत नाही. पीओवर ‘९० दिवस’ छापलं असलं तरी कायदा ४५ च धरतो. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही त्यानं पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची. केली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के झाले. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे, २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल आलं, तेव्हापासून घरबसल्या अर्ज करता येतो. परिषदेचा निकाल खरेदीदाराला कोर्टात रद्द करून घ्यायचा असेल, तर रकमेचे ७५ टक्के आधी जमा करावे लागतात.

२०२३–२४ या वर्षापासून आयकरातही तरतूद आली, कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. त्यामुळे आता मार्चमध्ये समोरूनच फोन येतो, “तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा.” ज्यांनी उद्यम नोंदणी केली नसेल त्यांनी उद्या करा. फुकट आहे. २०११ साली तो कायदा होता, माझी नोंदणी नव्हती. पीओ नाही आणि नोंदणीही नाही, म्हणजे पावसात छत्रीही नाही आणि चप्पलही नाही.

पण खोटं चित्र उभं करत नाही. कायदा पाठीशी आहे म्हणून लहान पुरवठादार लगेच परिषदेकडे धावत नाही. पुढचं काम बंद होईल याची भीती असते आणि ती खरी असते. मीही आजवर गेलेलो नाही. मग कागदाचा उपयोग काय? उपयोग असा, की परिषदेपर्यंत जायची वेळच बहुतेकदा येत नाही. पीओ, सही–शिक्क्याचं चलन, बिल आणि स्वीकारल्याची तारीख हातात असली, की अकाउंट्सच्या खिडकीपाशी आवाज चढवावा लागत नाही. कागद पुढं करायचा आणि गप्प उभं राहायचं. बोलणं कमी होतं, काम जास्त होतं. पीओ दाखवून बँकेत खेळत्या भांडवलाची बोलणीही करता येतात. तोंडी ऑर्डरवर कोणती बँक बोलेल?

आता पुन्हा तिसऱ्या रांगेकडे येतो.

त्या प्रकारानंतर आम्ही दोघं सात वर्षं बोललो नाही. भांडण झालं नव्हतं. त्यानं फोन केला नाही, मीही केला नाही. गावात लग्नकार्याला तो एका पंगतीला बसला की मी दुसऱ्या पंगतीला बसायचो. मला वाटायचं, यानं मला फसवलं. २०१८ मध्ये आपल्या सरांच्या घरी दोघं एकाच वेळी पोचलो. सर पाणी आणायला आत गेले आणि आम्ही समोरासमोर. शेवटी तोच बोलला.

म्हणाला, “तुला माहीत नाही. पीओ नसताना ४०० नग मागवले म्हणून माझी चौकशी झाली. साहेबानंच मला तोंडी सांगितलं होतं, ‘मागव, मी बघतो.’ नंतर साहेब म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. माझ्याकडेही कागद नव्हता.” थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “तू त्या शनिवारी ‘पीओ दे, मगच सुरू करतो’ म्हणाला असतास, तर मीही वर जाऊन तेच म्हणालो असतो. तू हट्ट केला असतास तर माझी नोकरी वाचली असती रे.”

सात वर्षं मी समजत होतो की पीओ न मागून मी मैत्री राखली. खरं तर त्याला ज्या आधाराची गरज होती तोच मी दिला नव्हता. आपल्याकडे लेखी मागणं म्हणजे अविश्वास असं समजतात. “आपल्यात कसला कागद?” असं म्हणतात. पण माणसं बदलतात, बदली होते, विसरतात, घाबरतात, मरतातही. शब्द देणारा खरा असला तरी शब्द राखण्याचा अधिकार त्याच्या हातात असेलच असं नाही. म्हणून जिथं ओळख आहे, नातं आहे, तिथं कागद आधी करा. अनोळखी माणसाशी व्यवहार फिसकटला तर पैसे जातात. मित्राशी फिसकटला तर सात वर्षं जातात.

त्या ४०० पैकी एक ब्रॅकेट मी भंगारात दिला नाही. तो माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. नवीन मुलगा कामाला लागला की विचारतो, “साहेब, हे काय?” मग त्याला ही गोष्ट सांगतो आणि ऑर्डरचं पुस्तक त्याच्या हातात देतो. माझ्या पुस्तकाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी जेवताना मला गाठा, फोनवर पाठवून देतो. ज्यांच्या हातात एखाद्या कंपनीच्या खरेदीचं काम आहे त्यांना मात्र हात जोडून सांगतो, लहान माणसाला ‘तू सुरू कर’ असं म्हणू नका. तो सुरू करतो.

शेवटी एक खुलासा. आजच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. केटररला मी लेखी ऑर्डर दिली आहे: १४० ताटं, मासवडी, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात, वेळ दुपारी १ वाजता, दर ठरलेला, अर्धे पैसे आगाऊ. काल रात्री २० जणांची नावं वाढली, तेव्हा दुरुस्तीही लेखी पाठवली. त्या दुरुस्तीवर माझ्या शेजारी दुसरी सही कोणाची आहे सांगू? तिसऱ्या रांगेतल्या माणसाची. सही करण्याआधी त्यानं कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, “गाडीभाडं कोणाचं?”

एक वाजत आला आहे. चला, जेवायला चला.